देवालयाच्या चित्राच्या प्रती विकून निधी उभारायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका पेठेत काळ्या दगडाचं, शंभरी कधीच ओलांडलेलं देवालय, म्हणजे चर्च, आहे आणि पावसाळ्यात त्याचं छत गळतं. मंडळीतल्या, म्हणजे तिथल्या सभासदांतल्या, एका चित्रकाराने देवालयाचं ११ × १५ इंचांचं जलरंगातलं चित्र विनामूल्य काढून दिलं आहे. नाताळापर्यंत त्याच्या पाचशे प्रती छापून विकाव्यात, असा पास्टोरेट कमिटीचा, म्हणजे देवालयाचा कारभार बघणाऱ्या समितीचा, विचार आहे. कागद कोणता, किंमत किती, कायद्याच्या दृष्टीने काय सांभाळायचं, असं विचारलं आहे.

पाचशे छापू नका. हा आकडा बहुतेक वेळा छापखान्यातून येतो, गरजेतून येत नाही. ऑफसेटमध्ये चार रंगांच्या चार प्लेट, यंत्र लावणं आणि सुरुवातीचे वाया जाणारे ताव हा खर्च पन्नास प्रतींना आणि पाचशे प्रतींना जवळपास तेवढाच येतो. म्हणून छापणारा सहज म्हणतो, ‘शंभराच्या पैशात थोडे घाला आणि पाचशे घ्या.’ प्रत स्वस्त पडते हे खरं, पण चारशे प्रती पाळकांच्या (धर्मगुरूंच्या) खोलीतल्या कपाटात जातात. अशा उपक्रमात पैसा बुडतो तो न विकलेल्या कागदात. चित्र वाईट होतं म्हणून पैसे बुडाल्याचं फार कमी वेळा घडतं.

हिशोब करून बघा. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे भाव तुम्ही घाला. ए-फोरची एक चांगली प्रत सुती कागदावर छापायला २५० रुपये, पाठीचा पुठ्ठा, पारदर्शक पिशवी आणि माहितीची चिठ्ठी ४० रुपये, वाया जाणाऱ्या प्रतींसाठी ३० रुपये, असे ३२० झाले. विक्री ९०० ला, म्हणजे प्रतीमागे ५८० शिल्लक. शंभर छापून साठ विकल्या, तर जमा ५४,०००, खर्च ३२,०००, हाती २२,०००. मागणी आधी नोंदवून साठच छापल्या, तर हाती ३४,८००. विक्री तेवढीच असून १२,८०० रुपयांचा फरक पडला, आणि तो फक्त कपाटातल्या चाळीस प्रतींचा आहे. म्हणून आधी नोंदणी, मग छपाई. पिगमेंट शाईच्या (बारीक रंगकण असलेल्या) इंकजेटवर दहा प्रतीही काढता येतात आणि पुन्हा दहा काढल्या तर भाव फारसा बदलत नाही. मोठ्या प्रतींसाठी तोच मार्ग धरा. ऑफसेटचा विचार फक्त शुभेच्छापत्रांसाठी, तोही हजाराच्या घरात मागणी असेल तरच.

छपाईकडे जाण्याआधी एक कागद करून घ्या. तो नसेल तर पुढचं सगळं कच्च्या पायावर उभं राहतं. प्रताधिकार कायदा १९५७ नुसार, मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. चित्र विनामूल्य दिलं असेल तर हक्क चित्रकाराकडेच राहतो. चित्र देवालयाच्या भिंतीवर टांगलेलं असलं तरी त्याच्या प्रती काढण्याचा हक्क आपोआप देवालयाचा होत नाही. ‘त्यांनी प्रेमाने दिलंय, लिहून कशाला घ्यायचं?’ हा विचार पहिली दोन वर्षं चालतो. पुढे चित्रकाराच्या वारसांशी किंवा बदललेल्या कमिटीशी गाठ पडते, तेव्हा प्रेमाची साक्ष द्यायला कोणी उरलेलं नसतं.

पान-दीड पानाचा सहीचा करार पुरतो. त्यात चित्राचं वर्णन, कोणत्या वस्तूंवर छापायचं (प्रती, कार्डं, दिनदर्शिका, कप हे स्पष्ट नावानिशी), किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती किंवा शून्य, हे यायला हवं. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरतो. हक्क लिहून घेतल्यावर वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास तो रद्द झाल्यासारखाच होतो. यंदा राहिलं, पुढच्या नाताळाला बघू, म्हणणाऱ्यांना हे कलम ठाऊक नसतं. आणि हक्क दिला तरी चित्रकाराचं नाव आणि चित्राची अब्रू या गोष्टी त्याच्याकडेच राहतात. त्यामुळे प्रत्येक प्रतीवर नाव हवं, आणि आकाशाचा रंग बदलायचा किंवा कडा कापायच्या तर विचारून.

इमारतीचं चित्र काढायला कायद्याची आडकाठी नाही. अडचण निघते ती संदर्भाच्या फोटोत. चित्रकाराने इंटरनेटवरचा कोणाचा तरी फोटो समोर ठेवून, तोच कोन, तीच सावली, तीच झाडाची फांदी उतरवली असेल, तर तो त्या छायाचित्रकाराच्या हक्काचा भंग ठरू शकतो. आजच विचारून घ्या. स्वतः बसून काढलं असेल किंवा स्वतःच्या फोटोवरून काढलं असेल, तर तसं करारात एका ओळीत लिहा. नवं चित्र काढायचंच असेल आणि वरून दिसणाऱ्या दृश्याचा मोह झाला, तर लक्षात ठेवा की लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे आणि कॅम्प-खडकी भाग लष्कराचा. ड्रोन उडवायला परवानगी लागते, आणि ‘पाचच मिनिटं’ ही सबब चालत नाही.

आता चित्राकडे या. घेणारा वास्तुकलेचा नमुना घेत नसतो. त्याचं लग्न तिथे लागलेलं असतं, मुलीचा बाप्तिस्मा तिथे झालेला असतो, आजोबांची शवपेटी त्या दारातून निघालेली असते. त्यामुळे लोक ज्या कोनातून देवालयाकडे येतात तो कोन विकला जातो. रस्त्यावरून फाटकातून आत आल्यावर डोळ्यांत भरतं ते दृश्य हवं. छायाचित्रकाराला आवडणारा वरचा, तिरका कोन विकायला जड जातो. देवालय आणि मनोरा वेगळे उभे असतील, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये आहेत तसे, तर दोन्ही एका चौकटीत बसवण्यासाठी आडवं चित्र लागतं. मनोरा कापलेलं चित्र मंडळीतला माणूस घेत नाही.

छापण्याआधी मंडळीतल्या दोन ज्येष्ठांना चित्र दाखवा आणि मोजायला सांगा: खिडक्या किती, कमानी टोकदार की गोल, क्रूसाचा आकार कसा, छपराचा उतार किती. चित्रकाराला पाचाऐवजी चार खिडक्या चालतात, पण पन्नास वर्षं त्याच बाकावर बसलेल्या आजींना चालत नाहीत, आणि ही चूक नेमकी विक्रीच्या टेबलावर सापडते. विजेच्या तारा, उभ्या दुचाकी, फ्लेक्स गाळलेत तर कोणी विचारणार नाही. आवारातलं जुनं झाड मात्र गाळू नका.

चित्राखालच्या ओळीचं वेगळं सांगावं लागेल. जमीन मिळाल्याचं साल, पायाभरणीचं साल, अभिषेकाचं (इमारत विधिपूर्वक उपासनेसाठी अर्पण केल्याचं) साल आणि आज दिसणारी इमारत पुरी झाल्याचं साल ही चार वेगळी सालं असतात. नाना पेठेतल्या सिटी चर्चची सुरुवात १७९२ ची, सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवरची. आज उभी असलेली इमारत मात्र त्यानंतरची आहे. कॅम्पातल्या सेंट मेरीजसाठी सांगितलं जाणारं १८२५ हे बिशप हेबर यांच्या हस्ते झालेल्या अभिषेकाचं साल आहे. नुसतं ‘स्थापना’ लिहून एक आकडा टाकला की पुण्यात पत्र येतंच. कोनशिला आणि बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही बघा आणि कोणतं साल कशाचं ते लिहा. मजकूर मराठी आणि इंग्रजी दोन्हीत ठेवा, आणि छापण्याआधी तिघांकडून वाचून घ्या. त्यांतला एक तरी कमिटीबाहेरचा असू द्या.

स्कॅनिंग हा या कामातला सगळ्यात दुर्लक्षित टप्पा. कागद कितीही महागडा आणला तरी स्कॅनमध्ये गेलेला रंग परत येत नाही. ११ × १५ इंच म्हणजे २७९ × ३८१ मिलिमीटर. ए-फोरच्या स्कॅनरवर हे बसत नाही, आणि दोन भागांत स्कॅन करून जोडलं की आकाशाच्या पातळ थरात सांधा दिसतो. ए-थ्रीचा चांगला सपाट स्कॅनर असलेली जागा शोधा. ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), १६ बिट (रंगछटा जास्त बारकाईने टिपणारं), तपशील न गमावणारी टिफ फाइल. यंत्राचं आपोआप रंग सुधारणं, धार वाढवणं, धूळ काढणं हे तिन्ही बंद ठेवायला सांगा. धूळ काढणारी सोय दगडावरचे शिंतोडे धूळ समजून पुसते, आणि काळ्या दगडाचा पोत त्या शिंतोड्यांतच असतो.

जलरंगाचा कागद वाकलेला असतो. काचेपासून कडा दोन मिलिमीटर उचलली गेली तरी तिथली रेघ धूसर होते. स्कॅनआधी चार-पाच दिवस चित्र दोन स्वच्छ पुठ्ठ्यांमध्ये वजनाखाली ठेवा. चित्र यापेक्षा मोठं असेल तर कॅमेऱ्याने घ्यावं लागतं: दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत एकसारखे दिवे, कॅमेरा चित्राला बरोबर समांतर, आणि पहिल्या फोटोत रंगांची मोजपट्टी. मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सअॅपने पाठवू नका. त्या वाटेने गेलेली फाइल दाबून लहान झालेली असते आणि तिची ए-थ्री प्रत मुंग्या लागल्यासारखी दिसते.

फाइल दुरुस्त करणारा माणूस दोन ठिकाणी चुकतो. पहिली चूक म्हणजे कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून तो पांढऱ्याची पातळी शेवटपर्यंत ओढतो आणि सकाळच्या आकाशाचा फिकट पिवळा थर कागदाबरोबर धुऊन जातो. कोऱ्या कागदाची पातळी २५५ (म्हणजे पूर्ण पांढरा) पैकी २४५ ते २४८ च्या आसपास राहू द्या. दुसरी चूक काळ्या दगडात होते. जलरंगात हा करडा बहुधा निळा आणि तपकिरी मिसळून केलेला असतो. छपाईत तो जांभळट किंवा हिरवट सरकतो, आणि खडबडीत कागदावर गडद सावल्या एकमेकींत मिसळून सपाट डाग होतात. सावल्या थोड्या उजळाव्या लागतात, पण स्क्रीन बघून नाही. ज्या कागदावर छापायचं त्याच कागदावर, त्या कागदाच्या प्रोफाइलने (त्या कागदावर रंग कसे उतरतात हे यंत्राला सांगणाऱ्या फाइलने), दगड-आकाश-झाड असलेला १० × १५ सेंटिमीटरचा तुकडा छापून घ्या. तो दिवसाच्या उजेडात मूळ चित्राशेजारी धरा आणि संध्याकाळी घरातल्या पिवळ्या दिव्याखाली पुन्हा बघा. दिवसा करडा आणि रात्री गुलाबी दिसत असेल तर करड्याचं मिश्रण बदलायला सांगा. अशा तीन चाचण्या गृहीत धरूनच भाव ठरवा. चौथीला बहुतेक जण कंटाळतात. प्रत पसंत पडली की तिच्यावर चित्रकाराची सही आणि तारीख घेऊन ठेवा. पुढच्या प्रत्येक छपाईची तुलना तिच्याशी करायची.

कागद सुती, आम्लरहित, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) आसपासचा, इंकजेटसाठी लेप दिलेला आणि मॅट. चकचकीत फोटो कागदावर जलरंग दिनदर्शिकेसारखे दिसतात. शाई पिगमेंटची हवी. डाय शाईची (विरघळलेल्या रंगाची) प्रत उजेडात लवकर फिकी पडते, आणि दहा वर्षांनी दिवाणखान्यातलं फिकं देवालय ही तुमचीच जाहिरात असते. मॅट कागदासाठी यंत्रात मॅट काळी शाई लागते. फोटोची काळी शाई राहून गेली तर काळा दगड राखेसारखा येतो. पहिल्या तुकड्यात हे दिसलं तर फाइलमध्ये खटपट करण्याआधी हे विचारा.

हातकागदाचा विचार पुण्यात हमखास निघतो, कारण शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे. कागद सुंदर असतो, पण लेप नसलेल्या हातकागदावर इंकजेटची शाई पसरते आणि रंग मरगळतात. त्यावर लिनोकट (लिनोलियमवर कोरून काढलेला ठसा) किंवा सिल्कस्क्रीन (जाळीतून शाई दाबून केलेली छपाई) शोभतं. चित्रकला महाविद्यालयातला कोणी छापकाम जाणणारा मिळाला, तर देवालयाच्या नुसत्या बाह्यरेषेचा एकरंगी लिनोकट करून घ्या. तीस-चाळीस प्रती हाताने निघतात, प्रत्येकीत किंचित फरक असतो, आणि त्या खऱ्या अर्थाने मूळ मुद्राचित्रं असतात, त्यामुळे किंमतही जास्त ठेवता येते. तेलाची शाई सुकायला अनेक दिवस लागतात, दमट हवेत जास्तच. जलरंगाच्या इंकजेट प्रतीला मात्र ‘मूळ’ किंवा ‘लिथोग्राफ’ म्हणू नका. ‘जलरंग चित्राची छापील प्रत’ असंच लिहा.

आकार ठरवताना आधी फ्रेमवाल्याकडे जा, मग छापणाऱ्याकडे. तुमचं चित्र ११:१५ या प्रमाणात आहे आणि ए-मालिकेचा कागद त्यापेक्षा थोडा लांबट. कागदभर छापायचं ठरवलं तर चित्र दोन्ही बाजूंनी कापावं लागतं. त्याऐवजी पांढरी कड सोडा. ए-फोरवर (२१० × २९७ मिमी) चित्र १८० × २४५ ठेवलं की बाजूंना १५-१५, वर २२ आणि खाली ३० मिलिमीटर राहतात. ए-थ्रीवर (२९७ × ४२०) २५० × ३४१ ठेवलं की बाजूंना साधारण २३, वर ३४, खाली ४५. खालच्या रुंद पट्टीत नाव, साल, सही आणि क्रमांक बसतो. तयार मिळणाऱ्या ए-फोर, ए-थ्रीच्या फ्रेममध्ये प्रत तशीच जाते. घेणाऱ्याला फ्रेम खास करून घ्यावी लागली तर ती प्रत गादीखाली जाते, आणि शेजाऱ्याने ती भिंतीवर बघून मागणी करायची संधीही जाते.

फक्त दोन आकार आणि एक कार्ड ठेवा. ए-फाइव्ह, कॅनव्हास, कप, की-चेन असं सगळं मांडलं की माणूस गोंधळतो आणि पन्नास रुपयांची की-चेन घेऊन निघून जातो.

कार्डांना कमी लेखू नका. मोठ्या प्रतीच्या वाट्याला न जाणारी माणसं दहा कार्डांचं पाकीट सहज उचलतात. घडीचं कार्ड उघडल्यावर २१० × १४८, मिटल्यावर ए-सिक्स. डिजिटल छपाईच्या १३ × १९ इंची तावात अशी चार बसतात, न घडीची साधी पोस्टकार्डं आठ. तीनेक मिलिमीटर ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेलं चित्र) सोडा. २५० ते ३०० जीएसएमचा कागद न दाबता घडी केला तर घडीवर शाईचा थर तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. त्यामुळे क्रीजिंग (घडीच्या जागी आधी दाबून खाच पाडणं) करूनच घ्या, आणि कागदाची वीण (तंतूंची दिशा) घडीला समांतर ठेवायला सांगा. आतली बाजू लॅमिनेट नको, पेन चालत नाही. आतला मजकूर फक्त नाताळाचा ठेवू नका. निम्मी कार्डं कोरी असू द्या, ती ईस्टरला, लग्नाला, सांत्वनाला वर्षभर जातात. आणि पाकिटं आधी विकत आणून मोजा. ए-सिक्स कार्डाला ११४ × १६२ चं पाकीट लागतं. कार्डं छापून झाल्यावर पाकीट चार मिलिमीटरने लहान निघालं की कटिंग यंत्राखाली पुन्हा सगळं घालावं लागतं.

मर्यादित प्रती काढायच्या असतील तर ए-थ्रीच्या काढा आणि ए-फोर खुली ठेवा. ‘मर्यादित’ हा शब्द वचन आहे. ‘ए-थ्री आकारात ७५ प्रती, शिवाय चित्रकाराच्या ७’ असं लिहिलं की त्या आकारात त्र्याहत्तरावी कोणती, कोणाकडे गेली हे वहीत हवं, आणि शहात्तरावी कधीही निघता कामा नये. खुली ए-फोर चालू आहे हेही तिथेच सांगा. सगळ्या ७५ एकदम छापायची गरज नाही. वीस-वीस छापत जा, क्रमांक पुढे चालू ठेवा. क्रमांक डावीकडे, सही उजवीकडे, दोन्ही शिसपेन्सिलीने. सुती कागदावर पेन्सिल बसते आणि टिकते. जेल पेन पसरतं. क्रमांक १ साठी भांडण होतं, म्हणून तो लिलावात काढा किंवा देवालयातच ठेवा.

किंमत ठरवताना प्रतीच्या एकूण खर्चाच्या अडीच ते तीन पट धरा. त्याखाली गेलात तर स्कॅन, चाचण्या आणि खराब प्रतींतच नफा जिरतो. मंडळीतल्यांना सवलत देण्याचा ठराव कोणीतरी मांडतोच. तो मान्य करू नका, कारण तुमचे बहुतेक ग्राहक मंडळीतलेच आहेत. न परवडणाऱ्यांसाठी कार्डं आहेत.

पैसे कोणाच्या खात्यात हा प्रश्न पहिल्याच बैठकीत मिटवा. तरुण संघाच्या खजिनदाराच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही नको. देवालयाची मालमत्ता आणि खाती ज्या नोंदणीकृत न्यासाकडे आहेत त्याच्याच खात्याचा क्यूआर टेबलावर ठेवा. लेखी मंजुरी घ्या, पाळकांची आणि न्यासाचीही. हिशोबाचं खातं वेगळं उघडा. ‘छतासाठी’ म्हणून विकलं तर पैसा छतावरच लागला पाहिजे. रंगरंगोटीला किंवा ध्वनिक्षेपकाला वळवला की पुढच्या वेळी कोणी घेत नाही, शिवाय धर्मादाय आयुक्तांकडे जाणाऱ्या हिशोबात उत्तर द्यावं लागतं.

प्रतीची किंमत ही देणगी नसते. तिच्यावर ८०-जीची (देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी) पावती देता येत नाही, कारण घेणाऱ्याला बदल्यात वस्तू मिळालेली असते. कोणी ९०० च्या प्रतीला २,००० दिले तर ९०० ची विक्रीपावती आणि १,१०० ची देणगीची, अशा दोन वेगळ्या पावत्या फाडा. निव्वळ धार्मिक न्यासाला ती सवलत सहसा नसतेच, तेव्हा तुमच्या न्यासाची स्थिती सीएकडून समजून घ्या आणि मगच फलकावर काही लिहा. जीएसटीत महाराष्ट्रात वस्तूंच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, पण राज्याबाहेर माल विकला की ही मर्यादा सहसा उपयोगी पडत नाही. गोवा-बंगळूरची मागणी आली की आधी सीएला विचारा. परदेशातल्या माजी सभासदांच्या बाबतीत आणखी जपून. वस्तूची रास्त किंमत म्हणून आलेले पैसे एक आणि परदेशी नागरिकाने वर घातलेली देणगी दुसरी. ही दुसरी एफसीआरएच्या (परदेशी देणग्यांवरच्या कायद्याच्या) कक्षेत येते आणि साध्या खात्यात घेता येत नाही. परदेशी पारपत्र घेतलेला आपलाच माणूसही कायद्याने परदेशी नागरिक असतो. ‘आपल्याच घरातला आहे’ म्हणून घेतलेले पाच हजार न्यासाला फार महाग पडू शकतात.

वेळापत्रक नाताळापासून उलट मोजा. पुण्यातले छापखाने आधी दिवाळी अंकांत आणि मग दिनदर्शिका, डायऱ्या, लग्नपत्रिकांत गुंतलेले असतात. ऑगस्टमध्ये करार आणि स्कॅन, सप्टेंबरात चाचण्या, ऑक्टोबरात नोंदणी. दिवाळी संपताच छपाई आणि आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान, टेबल लागलेलं असावं. परदेशी पाठवायच्या प्रती त्याआधीच निघायला हव्यात.

नोंदणीसाठी फ्रेम केलेली एकच नमुना प्रत पुरते. ती उपासनेनंतर दाराबाहेर, चहाच्या जागेजवळ ठेवा. देवालयाच्या आत विक्री नको. सलग तीन रविवार ठेवा, कारण पहिल्या रविवारी लोक बघतात, दुसऱ्या रविवारी घरी विचारून येतात, तिसऱ्या रविवारी पैसे देतात. पूर्ण रक्कम आगाऊ घ्या. ‘नाव लिहून ठेवा’ म्हणणाऱ्यांची वेगळी यादी करा, पण त्यांच्यासाठी छापू नका. टेबलावर दोघं असावेत, एक वस्तू देणारा आणि एक पावती फाडणारा. नमुन्याशेजारी छताच्या गळक्या भागाचा फोटो आणि कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकातला खरा आकडा लावा. ‘जीर्णोद्धारासाठी मदत’ या फलकापेक्षा ‘घंटाघराखालच्या छताच्या कौलांसाठी’ हा फलक जास्त विकतो. जाता जाता, त्या अंदाजपत्रकात दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरायचं लिहिलं असेल तर ते आधी खोडा. चुन्यातल्या भिंतीत सिमेंट भरलं की ओल आत कोंडते आणि दगडाच्या कडा झडतात. वारसा यादीतली इमारत असेल तर महापालिकेच्या वारसा समितीची परवानगीही लागते.

नाताळानंतर थांबू नका. जानेवारीपासून उपवासकाळ (ईस्टरआधीचा) लागेपर्यंत लग्नं असतात, आणि ज्या देवालयात लग्न लागलं त्याचं चित्र ही आहेर म्हणून फार सोपी निवड आहे. कार्यालयात लग्नाची नोंद करायला येणाऱ्यांना दिसेल अशा जागी एक प्रत लावा. पेठांतल्या वारसा फेऱ्या घेणाऱ्या मंडळींना कार्डं विकायला द्या, पण उधारीवर दिलेल्या कार्डांची सही घेतलेली यादी ठेवा.

साठवण आणि पाठवणी. छापलेली प्रत निदान २४ तास उघडी सुकू द्या, नाहीतर बंद पिशवीत शाईची वाफ धरते आणि प्लॅस्टिक धुरकट होतं. प्रतींमध्ये आम्लरहित पातळ कागद घालून त्या आडव्या, पुठ्ठ्यांमध्ये, जमिनीपासून वर ठेवा. पुण्याच्या पावसाळ्यात सुती कागद ओल पितो, कडा लाटेसारख्या होतात आणि कसर लागते. ज्या छतासाठी पैसे गोळा करताय त्याच छताखाली प्रती ठेवू नका. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. ए-फोर दोन नालीदार पुठ्ठ्यांत सपाट पाठवा, एका पुठ्ठ्याच्या नाल्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवून. ए-थ्रीला किमान तीन इंच व्यासाची नळी लागते. त्याहून अरुंद नळीत ३०० जीएसएमचा कागद कायमचा वळतो. फ्रेम करणाऱ्यांना एक चिठ्ठी द्या: काच प्रतीला टेकू नये, मध्ये माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवा, पाठीला चिकटपट्टी नको, आणि थेट ऊन पडणाऱ्या भिंतीवर टांगू नये.

मूळ चित्राची घाई करू नका. लिलावाचा उत्साह असतोच, पण ते पहिल्या छपाईआधी गेलं आणि स्कॅनमध्ये दोष निघाला तर परत मागायला जावं लागतं. शिवाय भिंतीभिंतीवर प्रती दिसू लागल्यावर मूळ चित्राला येणारी बोली मोठी असते. टिफ फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा, सही केलेली चाचणी प्रत बटर पेपरमध्ये गुंडाळून करारासोबत न्यासाच्या कपाटात ठेवा, आणि मग वर्षभराने बंद पाकिटातून बोली मागवा. बोलीच्या अर्जावरच ठळक लिहा की चित्र विकलं जातंय, प्रती काढण्याचा हक्क नाही.